तिसऱ्या हाकेला ओ

दिवस मावळल्यावर बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा आमच्या शेणवे गावच्या घरातला नियम मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. तो चुलीच्या धुरासारखा घरात होताच. आई तांदळाची भाकर थापत असायची, बांधावरून कुणीतरी तिच्या नावानं हाक द्यायचं, आणि परातीतला थप थप आवाज थांबायचा. तो थांबला की आम्ही दोघं भावंडंही गप्प व्हायचो. दुसरी हाक यायची. आई तशीच, पिठाचे हात हवेत. तिसरी हाक आली की मग ती मोठ्यानं ओ द्यायची आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा थापायला लागायची. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "ते एकदाच हाक मारतं. फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मारील ते माणूसच." ते म्हणजे काय, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आळीतल्या सगळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे जो येई तो तीन हाकांची तयारी करूनच येई. माझा मामा तेवढा चेष्टेखोर. तो दोन हाका मारायचा आणि कुडाआड गप्प उभा राहायचा. आईचा चेहरा पांढरा पडायचा, आणि मग तो खो खो हसत आत यायचा, शिव्या खायचा, भाकर खायचा.

हाकेचा नियम एवढा कडक, पण दाराचा मात्र काहीच नाही. आमच्या दाराला कडी होती, ती फक्त कुत्रं आत येऊ नये म्हणून लावायची. घरातली सगळी शेतावर गेली तर किल्ली कुठे आहे हे आळीतल्या पोरांनाही माहीत असे. दिवसा दार लोटलेलं दिसलं की समोरची म्हातारी विचारायला यायची, "काय गो, कोण आजारी हाय?" बंद दार म्हणजे काहीतरी वाईट घडलंय, असाच समज होता. आज शहापुरात माझ्या फ्लॅटला दोन दारं आहेत, एक लाकडी आणि एक जाळीचं, आणि त्या दोन दारांच्या मधे उभा राहून मी अजून कधीकधी हाका मोजतो. बेल वाजते, हाक कोणी मारत नाही, तरी मोजतो.

माझी मोठी बहीण सुमन मुरबाडकडे दिली होती, सिद्धगडाच्या पायथ्याच्या अंगाला. तिचा नवरा काशिनाथ, म्हणजे आमचे भावोजी, बोअर मारणाऱ्या गाडीवर कामाला. यंत्राच्या आवाजात राहून त्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती. ते घरात आले की भांडी वाजल्यासारखं वाटे. आंब्याच्या झाडावर चढण्यापासून चूल सारवण्यापर्यंत कुठलंही काम त्यांना कमीपणाचं वाटत नसे. मी तेव्हा शहापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि मला मात्र बहुतेक कामं कमीपणाची वाटत. मी इंग्रजी वाचतो, हे वडील बाजारात दोघातिघांना सांगून आले होते. कुणाची औषधाची बाटली, कुणाच्या पंपाची पावती माझ्याकडे वाचायला येई. मला समजे त्यापेक्षा जास्त मी वाचून दाखवी. खोटं बोलतोय असं वाटत नसे. औषध खोकल्याचं आहे हे बाटलीवरच्या चित्रावरूनही कळतं.

भावोजींच्या कंपनीला आफ्रिकेत बोअर मारायचं काम मिळालं आणि जायला ते तयार झाले. निघण्याआधी दोघं नवराबायको शेणव्याला आली. शेवळं, ही पहिल्या पावसातली रानभाजी, नुकती बाजारात आली होती. जावई परदेशी जाणार म्हणून आईनं ती मुद्दाम केली, सुकट घालून. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडं ही आंबट फळं घालावी लागतात, आणि ती किती घालायची हे हाताला कळावं लागतं. वडील म्हणाले, "काकडं नीट घाल गो, नायतर जावई विमानात खाजवत बसंल." भावोजी ओरडूनच म्हणाले, "बसू द्या. शेजारच्याला वाटंल आमच्याकडं हीच पद्धत." सुमनताई हसली नाही. ती सकाळपासून हसली नव्हती.

जेवणं झाल्यावर भावोजींनी पिशवीतून टाचलेले तीन कागद काढले. कंपनीनं दिलेले, सगळे इंग्रजीत. परदेशात राहताना स्वतःची आणि घराची काळजी कशी घ्यायची, याच्या सूचना. प्रत्येकानं त्या समजून घ्यायच्या आणि शेवटच्या पानावर सही करून कंपनीच्या कल्याणच्या माणसाकडे परत द्यायच्या, असा हुकूम होता. "तू वाच रे," भावोजी म्हणाले, "आन मला वहीत मराठीत लिहून दे. भिंतीला लावून ठेवीन." मी वही घेतली, मांडी घातली. आई, वडील, ताई, समोरची म्हातारी, सगळी गोल बसली. इतकी माणसं माझं ऐकायला त्याआधी कधी बसली नव्हती.

सुरुवात छान झाली. रोज एकाच वाटेनं, एकाच वेळेला जाऊ नका, असं होतं. वडील म्हणाले, "मग हा कामावर पोचायचा कधी?" अंगावर सोनं घालून फिरू नका. ताई पहिल्यांदा बोलली, "असतं तर जावंच कशाला लागलं असतं?" पासपोर्टची नक्कल वेगळ्या जागी ठेवा. बाहेरचा दिवा चालू ठेवा. किल्ली उंबऱ्याजवळ, कुंडीखाली ठेवू नका. यावर म्हातारी खट्याळपणे म्हणाली, "हे लिवणाऱ्याला आपली किल्ली कुठं असते ते कसं कळलं?" सगळी हसली, मीही हसलो, आणि दुसऱ्या पानावर आलो.

त्या पानावरचं एक वाक्य मला आजही पाठ आहे. डोअर कळलं, कॉल कळलं, नेम कळलं, ओपन कळलं. मधे एक शब्द होता, व्हेरिफाय. तो मी कॉलेजच्या पुस्तकात पाहिला होता, पण अर्थ आठवेना. माझी डिक्शनरी शहापूरला मित्राकडे होती. दोन दिवसांची मुदत होती, सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारी परत येता आलं असतं. नाहीतर एवढंच म्हणायचं होतं की हा शब्द मला येत नाही. पाच माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी नाव घेऊन हाक मारील, दार उघडण्याआधी काहीतरी करायचं आहे, इतकं समजत होतं. ते काहीतरी काय, हे मला एकदम सुचलं आणि सुचल्याचा आनंद झाला. मी म्हणालो, "हे तर आपल्यासारखंच हाय. बाहेरून कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला दार उघडायचं नाय. दुसरीला नाय. तिसरी आली की मग उघडायचं."

आईचा चेहरा उजळला. "बघा," ती म्हणाली, "तिकडं बी हाय म्हणजे."

"असणारच," म्हातारी म्हणाली. "ते काय इथंच असतं काय?"

भावोजींनी ते वाक्य माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. म्हणाले, "बाकीचं राहील न राहील, हे ध्यानात राहतंय." मग त्यांनी कंपनीच्या कागदावर, सूचना वाचून समजल्या, याखाली सही केली. काशिनाथची शेवटची काडी लांब ओढायची त्यांना सवय होती. ती ओढली आणि पेन माझ्या खिशाला अडकवून दिलं. ते पेन मी बरेच दिवस मिरवलं.

पुढच्या सहा-सात महिन्यांतलं मला फारसं सांगता येणार नाही. भातं झाली, झोडणी झाली, माझी परीक्षा झाली. ताईच्या गावातल्या दुकानात फोन होता, त्यावर भावोजींचा फोन येई. तिकडे खोलीत ते आणि रामसजन नावाचा जौनपूरकडचा स्वयंपाकी असे दोघंच राहत. रामसजन चांगल्या रोट्या करतो, पण भात चिकट करतो, एवढीच तक्रार असायची. मग एक दिवस कंपनीच्या माणसाचा फोन आला आणि दुकानदार सायकल टाकून ताईच्या दारात आला.

झालं ते थोडक्यात असं. तिन्हीसांजेची वेळ. रामसजन रोट्या शेकत होता. बाहेरून कुणीतरी "काशी" म्हणून हाक मारली. कामावर सगळे भावोजींना काशीच म्हणत, ते नाव कुणालाही कळलेलं असू शकत होतं. हाका तीन आल्या. तिसऱ्या हाकेला भावोजींनी दार उघडलं. चौघं होते, हातांत पहारी होत्या. भावोजींच्या उजव्या कानावर घाव बसला आणि ते तिथेच पडले. रामसजनचा जीव स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच गेला. त्यांनी काय नेलं, याचा हिशेब मी कधी विचारला नाही. दार आतून उघडलेलं होतं, मोडलेलं नव्हतं, हे मात्र कंपनीच्या माणसानं दोन-तीनदा सांगितलं. सूचना दिल्या होत्या, सही होती, तरी यानं स्वतःच्या हातानं दार उघडलं.

भावोजी परत आले तेव्हा मी मुरबाडलाच होतो. एक कान कायमचा गेला होता आणि ओरडून बोलायची सवयही गेली होती. इतकं हळू बोलत की ताईला जवळ जावं लागे. त्यांची पिशवी सोडायला ताईनं मला सांगितलं. कपड्यांच्या घडीत माझी वहीची पानं होती. वरच्या कडेला खिळ्याचं भोक, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग, आणि मधोमध माझ्या मोठ्या अक्षरांतलं ते वाक्य. त्याच्या महिनाभर आधीच मी डिक्शनरी उघडून बघितली होती. खात्री करणे. पडताळून पाहणे. त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता की नाव घेऊन बोलावलं तरी माणूस कोण आहे ते खिडकीतून बघा, खात्री झाल्याशिवाय दार उघडू नका. मी पानं सदऱ्याच्या आत घातली, न्हाणीच्या चुलीत पाणी तापत होतं तिथे गेलो आणि ती आत सरकवली. तेलाचा डाग होता तो कोपरा आधी पेटला. ताईनं विचारलं, "पिशवीत काय होतं?" मी म्हणालो, "कपडे."

पण जे मला सगळ्यात जड आहे ते हे नव्हे. त्या उन्हाळ्यात रामसजनचा धाकटा भाऊ आला. जौनपूरहून कल्याण, कल्याणहून मुरबाड, तिथून जीपनं पत्ता विचारत विचारत. पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. ताईनं त्याला गूळपाणी दिलं. तो ओट्यावर बसला आणि बराच वेळ समोरच्या गडाकडे बघत राहिला. भावोजी त्याच्या उजव्या बाजूला बसले, म्हणजे चांगला कान त्याच्याकडे येईल. मी चहा घेऊन दारात उभा होतो. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "भैया, दरवाज़ा क्यों खोला?"

भावोजी म्हणाले, "तीन बार आवाज आया था. मैं समझा, आदमी है."

तो पोरगा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला काहीच कळलं नव्हतं. मग म्हणाला, "आदमी ही तो थे."

तीन हाकांची ती अट कंपनीच्या कागदावर नव्हतीच, हे ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो. मी पुढे होऊन सांगू शकत होतो की ही चूक याची नाही, माझी आहे, मला एक शब्द येत नव्हता आणि मी तो येतो असं दाखवलं. माझ्या हातात चहाचे दोन कप होते. मी ते खाली ठेवले आणि साखर आणायला आत गेलो. साखर कपांत आधीच घातलेली होती. मी परत आलो तेव्हा भावोजी हात जोडून म्हणत होते, "गलती हो गई. मेरी गलती है." त्या भावानं रुमाल सोडला. आत लाडू होते, त्यांच्याकडे कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. लाडू आमच्या ओट्यावर ठेवून तो परतीच्या जीपला गेला.

पुढे मी शिक्षक झालो, तोही इंग्रजीचा. दर वर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगतो की शब्द आला नाही तर आला नाही म्हणा. पोरांना वाटतं सर फार साधे आहेत. भावोजींनी घराला लोखंडी दार करून घेतलं, आतून तीन कड्या. कोणी हाका मारल्या तर ओ देत नाहीत. आलेल्यानं दाराशेजारच्या खिडकीसमोर येऊन उभं राहायचं, चेहरा दिसला की मगच कड्या निघतात. दिवसासुद्धा. गाव त्या घराला काशिनाथची तिजोरी म्हणतं. "ह्यांना ऐकू नाय येत," ताई लोकांना सांगते. एका कानानं त्यांना सगळं ऐकू येतं, हे तिलाही ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मुलीला परदेशात नोकरी लागली. तिच्या मोबाइलवर तसल्याच सूचना आल्या. मी भाजी निवडत होतो आणि ती वाचत वाचत मराठीत सांगत होती, भराभर, कुठे न अडखळता. "नाव घेऊन कोणी बोलावलं तरी आधी खात्री करायची, बाबा, बघ, साधंच आहे सगळं." मी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली. रविवारी मुरबाडची गाडी पकडली.

खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो. भावोजींचं तोंड गजांपलीकडे दिसलं. आता केस सगळे पांढरे. त्यांनी मला ओळखलं आणि कडीला हात घातला. मी म्हणालो, "दार नका उघडू. आधी ऐका." आत गेलो असतो तर ताईनं पाणी आणलं असतं, चहा ठेवला असता, आणि मी पुन्हा साखर आणायला गेलो असतो. त्यांनी डावा कान गजांना लावला. मी सगळं सांगितलं. शब्द, डिक्शनरी, चूल, लाडू घेऊन आलेला तो भाऊ. माझा आवाज मला परक्या माणसासारखा वाटत होता.

ते कान तसाच ठेवून म्हणाले, "पानं तू जाळलीस ते ठाऊक हाय मला. पिशवीत शोधली मी."

शेजारच्या अंगणात कोंबड्या हाकलल्याचा आवाज येत होता.

"तिथं भिंतीवर पाटी होती," ते म्हणाले. "हिंदीत. कोई नाम लेकर बुलाए तो भी दरवाज़ा मत खोलो. रामसजन मला वाचून दाखवायचा. मी त्याला सांगायचो, आमच्याकडं याच्याहून पक्का नियम हाय. माझा मेव्हणा शिकलेला हाय, त्यानं इंग्रजीतून काढून दिलाय. तू चुकीचं सांगशील असं कधी मनात नाय आलं रे."

मी गज धरले होते.

"मग त्याला बी सवय लागली. बाहेर कोण आलं की तो मोजायचा, गंमत म्हणून. त्या दिवशी मी हात धूत होतो. हाका त्यानंच मोजल्या. म्हणाला, तीन हो गया काशी, खोल दे." भावोजींनी कान गजांवरून काढला आणि माझ्याकडे बघितलं. "हे त्याच्या भावाला मी कसं सांगणार होतो? त्यापेक्षा गलती मेरी, हेच बरं."

आतून सुमनताईची हाक आली, "कोण हाय ओ बाहेर?" आम्ही दोघंही हललो नाही. तिनं पुन्हा विचारलं, आता आवाज जवळ आला होता, भिंतीला धरून चालत असावी. भावोजी मान हलवून मला नको म्हणत होते. तिला हे कळायला नको. तिसरी हाक तिनं माझं नाव घेऊन मारली, कसं ओळखलं कोण जाणे.

मी ओ दिली.